उष्णतेचा अंमल, आर्द्रतेचा हिशेब

घातलेल्या अंड्यांवर बसून त्यांना ऊब देणे हे पक्षिणीच्या मातृत्वाचे सर्वांत स्वाभाविक अंग होय, असे आपण समजतो. परंतु बाजारात बटेर ह्या नावाने विकल्या जाणाऱ्या जपानी लाव्याच्या पाळीव वाणातून नेमके हेच अंग जवळजवळ लोपले आहे, आणि हा व्यवसाय नव्याने पत्करणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट बहुधा अंडी गोळा करू लागल्यावरच उमगते. सहा-सात आठवड्यांची होताच मादी अंडे देऊ लागते, दाणापाण्याची आणि उजेडाची तजवीज नीट असल्यास वर्षाकाठी अडीचशेच्या घरात अंडी देते, पण त्यांतल्या एकावरही बसावे असे तिला क्वचितच वाटते. जपानात ह्या पक्ष्याला कित्येक पिढ्या केवळ त्याच्या आवाजासाठी पिंजऱ्यात पाळले गेले, विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून अंड्यांसाठी व मांसासाठी त्याची पैदास होऊ लागली, आणि अधिकाधिक अंडी देणाऱ्या माद्या निवडण्याच्या ह्या दीर्घ उद्योगात खुडूक बसणारी, म्हणजे तितके दिवस अंडी बंद ठेवणारी, मादी साहजिकच मागे पडत गेली. १९७४ साली हा पक्षी कॅलिफोर्नियातून भारतात आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संशोधनातून त्याचे वाण देशभर पसरले, तेव्हा ही विस्मृती तो बरोबर घेऊनच आला होता. गावरान कोंबड्या पाळणाऱ्याचे यंत्र बिघडले तर त्याच्या परसात निदान एखादी खुडूक कोंबडी असते. लावे पाळणाऱ्याला मात्र यंत्रावाचून गती नाही, कारण कोंबडीखाली ठेवलेली ही दहा-बारा ग्रॅमची, पातळ कवचाची अंडी तिच्या भाराने आणि तिच्या पायांनी फुटण्याचाच संभव फार.

हे यंत्र पुरेसे ठरू शकते, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. १९९० च्या मार्च महिन्यात पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या मीर ह्या सोव्हिएत अंतराळस्थानकावरील उबवणी यंत्रात जपानी लाव्याचेच पिल्लू अंड्याबाहेर आले. जेथे वजनही जाणवत नाही आणि पक्षिणीच्या पंखांचा तर प्रश्नच नाही, अशा ठिकाणीही योग्य उष्णता, योग्य आर्द्रता आणि प्राणवायू एवढ्या सामग्रीवर गर्भाने आपला प्रवास पुरा केला. मग आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत शंभर, दोनशे, पाचशे अंड्यांची जी लहान यंत्रे घराघरांत येऊन बसली आहेत, त्यांतून अनेकदा निम्मीअधिक अंडी न फुटता फेकून द्यावी लागतात, ह्याचे कारण कोणते? अंडी शिळी असणे, नरमाद्यांचे प्रमाण चुकणे, आहारात जीवनसत्त्वे अपुरी असणे ही कारणे आहेतच, आणि त्यांच्याकडे मी दुर्लक्ष करू इच्छीत नाही. परंतु ज्या कारणाची चर्चा सर्वांत कमी होते आणि जे दूर करण्याला सर्वांत कमी खर्च येतो, ते यंत्रासोबत मिळणाऱ्या एका पानाच्या सूचनापत्रात दडलेले आहे असे माझे मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

त्या पानावर सामान्यतः दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात: उष्णता ३७.५ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के, जी अखेरच्या तीन दिवसांत ७० च्या आसपास न्यावयाची. सतरा ते अठरा दिवसांचा काळ, पंधराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेक वेळा फिरविण्याची सूचना आणि मग ती स्थिर ठेवण्याचा आदेश, एवढे त्यात आणखी असते. ह्यांपैकी एकही विधान खोटे नाही. माझा आक्षेप आकड्यांवर नसून त्यांना दिलेल्या समान दर्जावर आहे. उष्णता आणि आर्द्रता ह्या दोहोंचे गर्भाशी असलेले नाते मुळातच भिन्न प्रकारचे असून, उष्णतेची चूक तासाच्या हिशेबाने भोगावी लागते, तर आर्द्रतेची चूक पंधरवड्याच्या बेरजेने. आणि हा भेद न सांगितल्यामुळे आपला शेतकरी जेथे कठोर व्हावयाचे तेथे सैल राहतो आणि जेथे थोडा धीर धरावयाचा तेथे घटकेघटकेला यंत्राचे झाकण उघडून पाणी ओतीत बसतो.

प्रथम उष्णतेचा विचार करू. पक्ष्याचे स्वतःचे शरीर ४१-४२ अंशांइतके उष्ण असते, परंतु घरट्यातील अंड्याला ती उष्णता वरच्या बाजूने आणि पोटाच्या उघड्या त्वचेवाटे मिळत असल्यामुळे गर्भाच्या वाट्याला येते ती त्याहून तीन-चार अंशांनी कमी. ३७.५ हा आकडा म्हणूनच आला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना असलेली मोकळीक फार थोडी आहे. तापमान सतत एखाद्या अंशाने चढे राहिले, तर पिल्ले मुदतीपूर्वी बाहेर येतात, त्यांची बेंबी नीट मिटलेली नसते, पाय फाकतात आणि पहिल्या आठवड्यातच त्यांतली बरीच दगावतात. तेच एखाद्या अंशाने उतरते राहिले, तर मुदत लांबते, पिल्लांचे पोट मोठे व लिबलिबीत राहते, आणि काही पूर्ण वाढलेली पिल्ले कवच फोडण्याचे बळ नसल्यामुळे आतच राहतात. ज्या काळी उष्णतामापक यंत्रे नव्हती, त्या काळीदेखील मिसर देशातील मातीच्या प्रचंड भट्ट्यांमध्ये कोंबडीची हजारो अंडी उबविणारे कसबी लोक अंडे पापणीला लावून त्याची ऊब पारखीत असत. ह्या विद्येने चकित होऊन अठराव्या शतकात रेओम्यूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला आणि तीवर ग्रंथ लिहिला. त्या कसब्यांना अंशांची भाषा ठाऊक नव्हती, पण उष्णतेचा अंमल क्षणभरही ढिला पडता कामा नये हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि म्हणून ते भट्टीतच राहत, तेथेच जेवत व तेथेच झोपत.

ह्यातही एक विषमता आहे आणि ती समजून घेणे अगत्याचे आहे. घरट्यातील पक्षीण दाणे टिपण्यासाठी दिवसातून उठून जाते, तेवढा वेळ अंडी थंड पडतात, आणि अनंत काळच्या ह्या सवयीने गर्भाला थोड्या थंडीची सहनशक्ती प्राप्त झाली आहे. परंतु घरट्यातील अंडे पक्षिणीच्या अंगापेक्षा अधिक तापावे, असा प्रसंग निसर्गात सहसा येत नाही, आणि त्याविरुद्ध गर्भापाशी कोणताही बचाव नाही. अर्ध्या तासासाठी वीज गेली तर घाबरून जाऊन चुलीच्या निखाऱ्याजवळ यंत्र सरकविणारा मनुष्य, झाकण न उघडता वरून घोंगडी टाकून स्वस्थ बसणाऱ्या मनुष्यापेक्षा अधिक हानी करतो, ती ह्याच कारणाने. मात्र लाव्याचे अंडे कोंबडीच्या अंड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे असल्यामुळे ते फार लवकर निवते आणि तितक्याच लवकर तापतेही. म्हणून कोंबडीच्या अंड्यांबाबत जी ढिलाई खपून जाते ती येथे खपेलच असे नाही. त्यातून दहाव्या दिवसानंतर गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो, आणि अंड्यांनी खच्चून भरलेल्या यंत्रात हवा खेळती नसेल, तर उष्णतामापकावर आकडा ठीक दिसत असताना मधल्या ट्रेमधील अंडी प्रत्यक्षात अधिक तापलेली असू शकतात. पंखा नसलेल्या यंत्रात तर वरची हवा व खालची हवा ह्यांत चांगलाच फरक असतो. तेथे मापकाचे टोक अंड्याच्या माथ्याच्या पातळीला ठेवावे लागते आणि आकडा पंख्याच्या यंत्रापेक्षा सुमारे एक अंशाने चढा धरावा लागतो. ही साधी गोष्ट सूचनापत्रावर नसेल, तर ३७.५ हा बिनचूक आकडाही मारक ठरतो.

येथे विदर्भाचा प्रश्न उपस्थित होतो. थर्मोस्टॅट हे उपकरण उष्णता देऊ शकते, काढून घेऊ शकत नाही. तापमान उतरले की दिवा लावणे आणि चढले की विझविणे, एवढाच त्याचा अधिकार. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी घुटमळतो, पत्र्याच्या खोलीतली हवा चाळिशी ओलांडते, तेव्हा दिवा विझलेला असूनही यंत्रातील उष्णता चढतच जाते, आणि पडद्यावर लाल आकडा दाखविण्यापलीकडे त्या यंत्राच्या हाती काही उरत नाही. अशा दिवसांत खोलीच थंड राखावयास हवी. वऱ्हाडात घरोघर असलेला वाळ्याचा कूलर खोलीला गारवा आणि ओलावा दोन्ही एकदम देतो, म्हणून येथे तो यंत्राचाच एक भाग समजून त्याची सोय आधी करावी, आणि ती शक्य नसेल तर एप्रिल-मे हे दोन महिने उबवणी बंद ठेवावी. हे कोणी सांगत नाही, कारण विक्रेत्याला यंत्र बाराही महिने विकावयाचे असते.

उष्णतेच्या बाबतीत दुसरी उणीव आहे ती मापकाच्या खरेपणाची. स्वस्त यंत्रावरील आकडा एका अंशाने चुकीचा असणे ही काही अघटित घटना नव्हे, आणि एका अंशाची किंमत काय हे वर सांगितलेच आहे. त्याची रुजवात करण्याचे साधन मात्र प्रत्येक घरात असते: ताप मोजण्याचा चांगला डिजिटल थर्मामीटर नेमका ह्याच पट्ट्यात, म्हणजे ३५ ते ४२ अंशांत, अचूक राहील असा बनविलेला असतो. कोमट पाण्याच्या भांड्यात तो आणि यंत्राचा मापक शेजारी शेजारी बुडवून दोहोंतील फरक पाहावा आणि तो यंत्रावर कागद चिकटवून लिहून ठेवावा. इतक्या अल्प खर्चात इतकी मोठी हानी टाळणारा उपाय ह्या व्यवसायात दुसरा नसेल.

आता आर्द्रतेकडे वळू. अंड्याचे कवच हे बंद भिंत नसून त्यावर हजारो सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, कर्बवायू बाहेर जातो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफही अहोरात्र बाहेर पडत राहते. हे पाणी जाणे अनिष्ट नव्हे, किंबहुना ते आवश्यक आहे, कारण जेवढे पाणी जाते तेवढी अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लाचा पहिला श्वास त्याच पोकळीत घेतला जातो. पाणी कमी गेले तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजट व चिकट होते आणि अनेकदा आतल्या द्रवातच गुदमरते. पाणी फार गेले तर आतील पापुद्रा सुकून पिल्लाला आवळून धरतो आणि कवचाला भोक पाडल्यावरही त्याला वळता येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे हर्मन रान, आमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली ह्या शास्त्रज्ञांनी लहानमोठ्या अनेक पक्ष्यांच्या अंड्यांचा ह्या दृष्टीने अभ्यास करून दाखविले, की अंडे चिमुकले असो वा प्रचंड, घरट्यातील साऱ्या काळात ते आपल्या मूळ वजनाचा सुमारे १५ टक्के भाग वाफेच्या रूपाने गमावते. उबवणीच्या व्यवहारात अंडी स्थिर ठेवण्याच्या दिवसापर्यंत ११ ते १३ टक्के घट झालेली असावी, असा जो संकेत रूढ आहे, तो ह्या नैसर्गिक नियमाशी सुसंगतच आहे.

ह्याचा अर्थ असा, की गर्भाला आर्द्रतेच्या आकड्याशी कर्तव्य नाही, त्याला एकंदर किती पाणी गेले ह्याच्याशी कर्तव्य आहे. दुकानदाराचा जमाखर्च जसा रोजच्या विक्रीने ठरत नाही, महिनाअखेरच्या बाकीने ठरतो, तसाच हा प्रकार आहे: आज ४५ टक्के आणि उद्या ६५ टक्के झाले तरी पंधराव्या दिवशी खात्यावरील घट बरोबर असली की पिल्लाचे काही बिघडत नाही. उष्णतेला हा न्याय लागू नाही. तेथे आजची जास्त आणि उद्याची कमी मिळून बरोबर होत नाही.

शिवाय सापेक्ष आर्द्रता हे मोजमाप फसवे आहे, आणि महाराष्ट्रासारख्या नाना हवामानांच्या प्रांतात तर ते विशेषच फसवे ठरते. हवा तापविली की तिच्यातील बाष्प तेवढेच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता कोसळते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे खोलीत १५ अंश उष्णता आणि ६० टक्के आर्द्रता आहे असे समजा. तीच हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली, की आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास येते. आता चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार घ्या, ४३ अंश आणि १२ टक्के: ह्या हवेत असलेले बाष्प पुण्याच्या त्या थंड पहाटेइतकेच भरते. म्हणजे अंगाला एक हवा दमट आणि दुसरी होरपळणारी वाटत असली, तरी अंड्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच कोरड्या होत. ह्याउलट रत्नागिरीच्या जुलैत २७ अंश आणि ९० टक्के अशी हवा असते. ती तापल्यावरही आर्द्रता ५० च्या घरात राहते, आणि अंड्यांच्या स्वतःच्या वाफेची तीत भर पडते. अशा ठिकाणी पहिले दोन आठवडे यंत्रातील पाण्याचे भांडे जवळजवळ कोरडे ठेवावे लागेल, तर पुण्याच्या हिवाळ्यात एक भांडे पुरणार नाही. असे असता तिघांच्याही हाती एकच कागद देऊन ‘रोज एक वाटी पाणी घाला’ असे सांगणे, हे रत्नागिरीकराला बुडविणे आणि पुणेकराला वाळविणे होय. त्यातही वाटीची खोली कामाची नसून तिच्या तोंडाचा विस्तार कामाचा असतो, कारण बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते; खोल तांब्यापेक्षा पसरट ताट अधिक ओलावा देते, ही गोष्टही त्या कागदावर असावयास हवी.

मग शेतकऱ्याने विसंबावे कशावर? माझे उत्तर एका शब्दाचे आहे: तराजूवर. शंभर अंड्यांचा ट्रे भरताना रिकाम्या ट्रेचे वजन वजा करून अंड्यांचे वजन लिहून ठेवावे. अंडी सरासरी ११ ग्रॅमची धरली तर ते ११०० ग्रॅम भरेल. पंधरा दिवसांत १२ टक्के घट व्हावयाची, म्हणजे दिवसाला सुमारे नऊ ग्रॅम. तेव्हा पाचव्या दिवशी सुमारे ४४ ग्रॅम आणि दहाव्या दिवशी सुमारे ८८ ग्रॅम कमी भरले पाहिजेत. पाचव्या दिवशीच ६० ग्रॅम गेलेले दिसले, तर हवा कोरडी आहे, पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा; २५ च गेलेले दिसले, तर भांडे काढून घ्यावे आणि हवेची भोके थोडी मोकळी करावी. दुरुस्तीला अजून दहा दिवस हाती असतात. कोंबडीचे पांढरे अंडे उजेडासमोर धरून त्यातील पोकळी पाहता येते. लाव्याच्या अंड्यावरील गडद तपकिरी ठिपक्यांच्या नक्षीमुळे ती परीक्षा येथे अवघड होते, म्हणून ह्या पक्ष्याच्या बाबतीत तराजूचे महत्त्व दुप्पट आहे. आर्द्रतामापक निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. परंतु स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो, आणि त्याचीही परीक्षा घेतली पाहिजे. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतपत पाणी घालावे, ते मापकाबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी मापकावर ७५ टक्के दिसले पाहिजेत, आणि न दिसल्यास जो फरक असेल तो त्याचा दोष समजावा.

अखेरच्या तीन दिवसांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि येथे सूचनापत्राचा आकडा अक्षरशः पाळला पाहिजे. आता आर्द्रता ही खात्यावरील रक्कम राहत नाही, ती क्षणाची गरज बनते, कारण पिल्लाने कवचाला भोक पाडले की ओला पापुद्रा उघड्या हवेत येतो आणि कोरड्या झुळकेने तो काही मिनिटांत चामट होऊ शकतो. नेमक्या ह्याच वेळी मालकाची उत्सुकता शिगेला पोचते आणि झाकण पुन्हापुन्हा उघडले जाते. त्याने ध्यानात घ्यावे, की ही पिल्ले एकमेकांच्या भरवशावर बाहेर पडत असतात. १९६० च्या दशकात केंब्रिज येथे मार्गारेट व्हिन्स ह्या संशोधिकेने लाव्याच्या अंड्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे आढळले, की कवचाच्या आतून येणारे टिकटिक आवाज एकमेकांना चिकटून असलेल्या अंड्यांतील पिल्लांना ऐकू जातात आणि मागे पडलेल्यांना त्वरा करावयास लावतात, ज्यामुळे सारे घरटे थोड्या अवधीत एकदम फुटते. अंडी एकमेकांना लागून, निवांत आणि दमट हवेत पडून राहणे हे ह्या संवादाचे साधन आहे. आणि घाईचे कारणही नाही, कारण नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा साठा असतो व तेवढ्यावर ते एक दिवस सुखाने काढते.

माझ्या ह्या प्रतिपादनावर जे आक्षेप घेतले जातील ते मला दिसत आहेत. पहिला असा, की आता आर्द्रता आपोआप राखणारी यंत्रे मिळतात, मग तराजूची कटकट कशाला? त्याला उत्तर हे, की आपोआप चालणारे यंत्रदेखील आपल्या संवेदकाच्या साक्षीवर चालते, आणि साक्षीदारच खोटा असेल तर निकाल बिनबोभाट चुकतो. तराजूची साक्ष अंड्याचीच असते. दुसरा आक्षेप असा, की ट्रेच्या वजनाने सरासरी कळते, प्रत्येक अंड्याची रंध्रे कमीअधिक असल्यामुळे एकेकाचे काय झाले ते कळत नाही. हे खरे आहे. परंतु हवा साऱ्या ट्रेची एकच असते, ती प्रत्येक अंड्यापुरती वेगळी करता येत नाही, म्हणून व्यवहारात सरासरीवाचून दुसरा मार्गदर्शक असू शकत नाही. तिसरा आक्षेप आमच्या शेतकऱ्याच्या कुवतीविषयी असतो, आणि तो मला सर्वांत कमी मान्य आहे. जो मनुष्य दूध संघाच्या काट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचे माप आणि फॅटचा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि दहा दिवसांच्या बिलातील एका रुपयाचा फरक सचिवाच्या तोंडावर काढून दाखवितो, त्याला पाच दिवसांतून एकदा ट्रेचे वजन लिहिणे जमणार नाही, हे म्हणणे त्याच्या बुद्धीचा नव्हे तर आपल्या शिकविण्याचा दोष झाकणारे आहे.

म्हणून माझी मागणी थोडी आणि नेमकी आहे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याजवळ अंडी उबवणी केंद्रे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत, नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. ह्या यंत्रणेने एका कागदाऐवजी कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ ह्यांच्यासाठी ऋतुवार कोष्टके तयार करावीत, ज्यात खोलीतील हवेवरून पाण्याचे भांडे किती पसरट असावे आणि कोणत्या महिन्यात उबवणी थांबवावी हे सांगितलेले असेल. सरकारी अनुदानातून यंत्र दिले जात असेल, तर त्याच्याबरोबर एक ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आणि रुजवात केलेला उष्णतामापक सक्तीने द्यावा, आणि मापकातील फरक लिहिलेली चिठ्ठी यंत्रावर चिकटविल्याखेरीज बिल मंजूर करू नये. योजनेचे यश वाटलेल्या यंत्रांवरून न मोजता, सफळ अंड्यांपैकी किती फुटली ह्यावरून मोजावे. त्यासाठी प्रत्येक खेपेनंतर न फुटलेल्या अंड्यांचा पंचनामा करण्याची पद्धत पाडावी: आत गर्भच नसेल तर दोष नरमाद्यांचा किंवा आहाराचा, रक्ताचे कडे असेल तर शिळ्या अंड्यांचा किंवा आरंभीच्या उष्णतेचा, आणि पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले असेल तर बहुधा अखेरच्या हवेचा. ही नोंद वर्षभर झाली तर प्रत्येक तालुक्याजवळ स्वतःचे असे ज्ञान जमा होईल, जे कोणत्याही परकीय पुस्तकात मिळणार नाही. आणि ह्याच शिकवणीत हेही सांगितले जावे, की पाळीव जपानी लावा निराळा आणि आपल्या माळरानातील लावे निराळे. रानलाव्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्यांची अंडी घरट्यातून उचलून यंत्रात ठेवणे हा गुन्हा आहे.

ह्या साऱ्याला फार मोठा निधी लागत नाही. एका लहान उबवणी यंत्राच्या किमतीच्या मानाने तराजू आणि थर्मामीटर ह्यांची किंमत नगण्य आहे, आणि एका फसलेल्या खेपेत जी अंडी, वीज आणि अठरा दिवस वाया जातात त्यांच्या मानाने तर ती हिशेबात धरण्याजोगीही नाही. पक्षिणीने जे काम सोडून दिले ते आपण निवडीच्या बळावर तिच्याकडून सोडवून घेतले आहे. ज्याने काम काढून घेतले त्याने ते निभावण्याची रीत शिकून घ्यावी आणि ज्याने यंत्र विकले किंवा वाटले त्याने ती शिकवावी, एवढी अपेक्षा करण्यात कोणाचीही अवाजवी अडवणूक होत नाही.